जुनी चांदीची भांडी पार काळी पडली आहेत, घासूनही निघत नाही. घरच्या घरी काय करता येईल?

कृष्णाकाठ_सांगली

नमस्कार मंडळी. घरात साधारण दोन किलो जुनी चांदी आहे. दोन ताटं, चार वाट्या, तांब्या-फुलपात्र, पंचपात्री-पळी, नक्षीचा कुंकवाचा करंडा, दोन निरांजनं आणि देवाचे पाच टाक. सात-आठ वर्षं सगळं वर्तमानपत्रात गुंडाळून, वर रबरबँड लावून, माळ्यावर पत्र्याच्या ट्रंकेत होतं. आता ताटं निळी-काळी झाली आहेत, एका ताटाच्या मधोमध जांभळट ढग आहे, तांब्याचा गळा आतून कोळशासारखा दिसतो.

चिंच लावून झाली, दात घासायची पावडर झाली, तांब्या-पितळेची पावडरही झाली. वरवर चमक येते, पण नक्षीतलं काळं हलत नाही. सराफाकडे विचारलं तर "बफ मारून देतो" म्हणतात, म्हणजे यंत्रावर घासून पॉलिश. नक्षी झिजेल अशी भीती वाटते. गौरी-गणपतीच्या आत घरीच काही करता येईल का? प्रमाणासकट सांगितलंत तर बरं होईल.

झटपट_उपाय

ताई, रांगोळी आणि लिंबू. ओल्या फडक्यावर घ्या आणि घासा. पाच मिनिटांत लख्ख.

मिरजेचा_रसायनवाला

रांगोळी अजिबात नको. रांगोळीच्या भुकटीत गारगोटीचे कण असू शकतात. गारगोटीचा कठीणपणा 7 आणि चांदीचा जेमतेम अडीच ते तीन. म्हणजे ते पॉलिश नव्हे, ते तासणं झालं. लख्ख दिसतं ते खरचटलेल्या ताज्या चांदीमुळे, आणि त्या बारीक ओरखड्यांत पुढचा काळा थर आणखी लवकर धरतो.

चिंच-लिंबू का चालत नाही तेही सांगतो. तांब्या-पितळेवरचा मळ बहुतांशी ऑक्साइडचा, तो आम्लात विरघळतो. चांदीवरचं काळं म्हणजे सिल्व्हर सल्फाइड. चांदी आणि हवेतला गंधक यांचं संयुग. घरगुती आम्ल त्याला हातही लावू शकत नाही. शिवाय त्या काळ्या थरात वजनाने सुमारे 87 टक्के चांदीच असते. घासून काढलात की ती फडक्यावर जाते. म्हणून जाड थर घासायचा नसतो, त्यातला गंधक तेवढा काढून घ्यायचा असतो. हे काम अॅल्युमिनियम करतं.

आधी भांडी रिठ्याच्या कोमट पाण्यात किंवा भांड्याच्या पातळ साबणाने धुऊन घ्या. ही पायरी लोक गाळतात आणि मग उपाय चालला नाही म्हणतात. तूप, तेल, बोटांचा चिकटपणा राहिला तर पाणी चांदीपर्यंत पोचतच नाही.

मग स्टीलचं पसरट पातेलं किंवा प्लॅस्टिकचा टब घ्या, तळाला आणि कडांना डबे गुंडाळायची अॅल्युमिनियमची फॉईल अंथरा. चकचकीत बाजू वर की खाली, याने काही फरक पडत नाही. भांडं फॉईलवर असं ठेवा की धातूला धातू टेकेल. दर लिटर उकळत्या पाण्याला 2 मोठे चमचे, म्हणजे साधारण 30 ग्रॅम, खाण्याचा सोडा. धुण्याचा सोडा असेल तर 1 मोठा चमचा पुरे, तो जास्त तीव्र असतो, हातमोजे घाला. सोडा टाकला की पाणी फसफसून वर येतं, म्हणून टब काठोकाठ भरू नका. भांडं पूर्ण बुडलं पाहिजे, अर्धं बुडलं तर पाण्याच्या रेषेवर कड उमटते.

बऱ्याच ठिकाणी मीठ टाकायला सांगतात. मिठाने वेग वाढतो हे खरं, पण जुन्या भांड्याच्या सांध्यात मिठातलं क्लोराइड अडकून राहिलं तर नवंच दुखणं लागतं. फॉईल आणि चांदी यांच्यात जी बारीक वीज वाहून हे काम होतं, ती सोड्याच्या पाण्यातून पुरेशी वाहते. मीठ गाळा.

मिनिटभरात कुजक्या अंड्याचा वास येईल. तोच तो सुटलेला गंधक, हायड्रोजन सल्फाइडच्या रूपाने. खिडकी उघडी ठेवा, टबावर तोंड धरू नका. 3 ते 5 मिनिटांनी चिमट्याने बाहेर काढा आणि वाहत्या पाण्यात धुवा. जाड थराला एका फेरीत यश येत नाही. फॉईल करडी-काळी पडली की तिचं काम संपलं; नवी फॉईल, नवं उकळतं पाणी, पुन्हा. ताटासारख्या भांड्याला तीन-चार फेऱ्या धरून चाला.

न निघण्याची कारणं ठरलेली असतात: पाणी कोमट झालेलं, फॉईल जुनी, भांडं टेकलेलं नाही, किंवा वर तेलाचा अथवा लाखेच्या पॉलिशचा थर. तांब्याच्या गळ्याला बाहेरून फॉईल लावून उपयोग नाही. आत पाणी भरा आणि फॉईलच्या लांब पट्ट्या सैल चुरगाळून गळ्यातून आत सोडा, आतल्या भिंतीला टेकतील अशा.

टाकांना मात्र यातलं काहीही करू नका. त्यावर इथले सराफीतले जाणकार जास्त नेमकं सांगतील.

सराफकट्टा_निवृत्त

रसायनवाल्या दादांनी पद्धत बरोबर सांगितली. टबात काय घालायचं नाही ते मी सांगतो.

टाक म्हणजे अख्खी चांदी नसते. पातळ चांदीच्या पत्र्यावर देवाची आकृती ठोकलेली असते, मागे बहुधा तांब्याचा किंवा पितळेचा पत्रा, कडा दुमडून बसवलेल्या. जुन्या कामात मधे लाख भरलेली असते. उकळत्या पाण्यात लाख मऊ होते, आकृती आत दबते, आणि कडेतून शिरलेलं पाणी महिनोन्‌महिने आतच राहतं. मग कडेला हिरवं फुटतं, ते तांब्याचं. स्पिरिटही लावायचं नाही, लाख स्पिरिटमध्ये विरघळते. टाकाला फक्त प्रेसिपिटेटेड चॉकची (शाळेतला खडू नव्हे) नुसत्या पाण्यात कालवलेली ओलसर पेस्ट आणि कानकाडीचा कापूस. आकृतीच्या वरवरच्या भागावर हलक्या हाताने, आणि लगेच ओल्या कापसाने टिपून घ्यायचं. खोलातलं काळं राहू द्या. डोळे, आयुधं, वस्त्राच्या चुण्या त्या काळ्यामुळेच उठून दिसतात. सगळं पांढरंफटक केलं तर म्हसोबा कुठला आणि खंडोबा कुठला हेच कळेना होतं.

हीच गोष्ट करंड्याच्या नक्षीची. जुने कारागीर खोलगट भाग मुद्दाम काळे ठेवत. टबात टाकलंत तर तेही निघून जाईल. करंडा आधी टबात न घालता पेस्टने करून बघा, नाही जमलं तर एकच फेरी.

मोती, पोवळं, मीना किंवा सोन्याचा मुलामा असलेलं काही टबात नको. पोकळ मुठीची पळी असेल तर मूठ पाण्याबाहेर ठेवा.

आता तो ताटाच्या मधला जांभळट ढग. ताट कोरडं करा, उजेडात तिरकं धरा आणि नखाने हलकेच खरवडून बघा. तीन शक्यता आहेत. ढग गुळगुळीत आणि चकचकीत असेल, कडेला पिवळा, मग तपकिरी, मग निळा असे पट्टे दिसत असतील, तर तो साधा सल्फाइडचा थर, जाडीप्रमाणे रंग बदललेला. तो टबात जाईल. नखाला मेणासारखं लागत असेल, करडं-जांभळं आणि जरा उठलेलं असेल, तर ते सिल्व्हर क्लोराइड. लोणचं, चटणी, मीठ ताटात तसंच राहिल्याचा हा परिणाम. टबात जास्त वेळ, 15 ते 20 मिनिटं, दोन-तीनदा ठेवलं तर निघतं, पण खाली बारीक खड्डे राहतात, ते कुणालाच भरता येत नाहीत.

तिसरी शक्यता म्हणजे आगीचा डाग. चांदीत तांबं मिसळलेलं असतं. ताट घडवताना पत्रा वारंवार तापवून नरम करतात, तेव्हा ते तांबं आत, पृष्ठभागाच्या खाली, ऑक्साइड होतं. वर चांदीचा पातळ थर असेतो ते दिसत नाही. घासून घासून तो थर गेला की खालचा ढग वर येतो. तो घाण नव्हे. टबाने जात नाही, पावडरने जात नाही, जितकं घासाल तितका मोठा होतो. तो असेल तर सोडून द्या. बफ मारून काढणारा माणूस तुमच्या ताटाची चांदीच काढत असतो. बफ मारण्याआधी आणि नंतर डिजिटल काट्यावर वजन घ्या म्हणजे कळेल.

आणि एक. चांदी म्हणून जपलेली एखादी वाटी जर्मन सिल्व्हरची निघते. त्यात चांदीचा अंशही नसतो, तांबं, निकेल आणि जस्त असतं. टबात दोन फेऱ्या होऊन काहीच वास आला नाही, रंगही बदलला नाही, तर आधी ती शंका घ्या.

कृष्णाकाठ_सांगली

सगळ्यांचे आभार. रविवारी केलं, आता निकाल सांगते.

ताटं आणि वाट्या तीन फेऱ्यांत निघाल्या, फॉईल अक्षरशः काळीकुट्ट झाली. पण चमक नाही, दुधाळ पांढरी दिसतात. ताटाचा ढग निम्मा गेला, उरलेला जागचा हललेला नाही. तांब्याचा गळा जवळपास साफ झाला. निरांजनांवर चार फेऱ्यांनंतरही काही फरक नाही. आणि करंड्याला घोळ झाला आहे. पेस्टने निघेना म्हणून एक फेरी टबात दिली, तर नक्षीच्या खोबणी लालसर तपकिरी झाल्या! चांदी गेली आणि आतलं तांबं वर आलं का?

मिरजेचा_रसायनवाला

ताई, घाबरू नका. कुंकवाचा करंडा आहे ना? खोबणींत वर्षानुवर्षांची हळद बसलेली असणार. हळद क्षारात लाल होते. हळदीला चुना लावून कुंकू करतात ते याच गुणावर. तुमच्या टबातला सोडा क्षारच. आपण ज्या गावात राहतो तिथे हळदीचा हा खेळ कुणाला नवा नाही, पण चांदीवर दिसला की तांबं वाटतं खरं.

खात्री करून घ्या. पांढऱ्या कापसाचं टोक स्पिरिटमध्ये बुडवून खोबणीत फिरवा. कापूस पिवळा झाला तर हळद. करंड्याला आतून लाख किंवा काचेची टिकली नाही ना, एवढं आधी बघून घ्या. पिवळं येणं थांबेपर्यंत कापूस बदलत राहा, मग साबणाच्या कोमट पाण्याने धुवा. कापूस स्वच्छच राहिला आणि लाली कायम असली, तरच तांब्याचा विचार.

लाली खरोखर तांब्याची असण्याचं एक कारण लक्षात ठेवा. आधी चिंचेने तांब्याची भांडी धुतलेलं पाणी, त्यातच चांदी, आणि घासायला लोखंडी घासणी. चिंचेत उतरलेलं तांबं लोखंडाच्या संगतीने चांदीवर चढतं आणि गुलाबी झाक येते. चांदीच्या जवळ लोखंडी घासणी आणूच नका.

दुधाळपणाबद्दल. सल्फाइडमधली चांदी मोकळी होऊन पुन्हा पृष्ठभागावर बसते, पण ती भुसभुशीत, खडबडीत बसते. उजेड विखुरतो म्हणून पांढरी दिसते. आता, आणि आताच, थोडं घासायचं. रसायनांच्या दुकानात प्रेसिपिटेटेड चॉक, म्हणजे प्रेसिपिटेटेड कॅल्शियम कार्बोनेट मागा. शाळेतला खडू नको, तो बहुतेक वेळा जिप्समचा असतो आणि मधे कचकच लागते. 2 चमचे पावडर, 1 चमचा पाणी, चार-पाच थेंब स्पिरिट. दाट ताकासारखं झालं पाहिजे. कापसावर घेऊन एकाच दिशेने, लहान लहान हात मारा, गोल गोल नको. कापूस काळा झाला की टाकून द्या, तोच बोळा पुन्हा वापरला तर त्यातला कचरा ओरखडे पाडतो. धुतल्यावर शेवटचं पाणी फिल्टरचं घ्या, बोअरच्या पाण्याचे क्षार वाळून ठिपके उठतात. जुन्या सुती साडीच्या धुतलेल्या तुकड्याने लगेच पुसा.

निरांजनावरचं काळं सल्फाइड नाहीच. ती काजळी आणि जळून कडक झालेलं तूप. अॅल्युमिनियमला कार्बनशी काही देणंघेणं नाही, चाळीस फेऱ्या केल्यात तरी तसंच. निरांजन गरम पाणी आणि भांड्याचा साबण यात अर्धा तास भिजत घाला, तूप फुगलं की बांबूच्या काडीने किंवा दातकोरण्याने वातीच्या जागेचं खरवडा. सुई किंवा चाकू नको. तुपाचा थर गेला की खाली खरं काळं दिसेल, मग त्याला एक फेरी द्या.

झटपट_उपाय

बाजारात पातळ औषध मिळतं की, बुडवलं की दहा सेकंदांत पांढरं. एवढा खटाटोप कशाला?

सराफकट्टा_निवृत्त

मिळतं. बहुतेकांत थायोयुरिया आणि आम्ल असतं. हातमोजे घालून, एका पैंजणाला दहा-पंधरा सेकंद, लगेच भरपूर पाण्यात धुऊन, एवढ्यापुरतं ठीक. जेवणाच्या ताटाला आणि टाकाला नको. पोकळ भागात, दुमडलेल्या कडेत ते अडकलं की आतून खात बसतं. जास्त वेळ बुडवलं तर पृष्ठभाग बारीक कोरला जातो, आणि मग चांदी पूर्वीपेक्षा लवकर काळवंडते. महिन्याभरात पुन्हा बाटली आणायची वेळ येते.

क्लोराइड काढायला कुणी अमोनिया सुचवला तर तोही घरी नको. अमोनियात चांदी विरघळलेलं पाणी ठेवून दिलं आणि आटलं तर त्यातून स्फोटक पदार्थ तयार होऊ शकतो. ब्लीचचं तर नावच काढू नका, ते चांदीवर थेट क्लोराइड चढवतं.

ताई, ताटाचा उरलेला ढग आगीचाच. आता हात लावू नका. त्यावर जेवण वाढलं की कुणाला दिसणार आहे?

विट्याची_गलाई

धुण्याचं झालं, पण एवढं काळं झालं कशानं ते कुणी विचारलं नाही. ट्रंकेशेजारी काय असतं?

कृष्णाकाठ_सांगली

माळ्यावर तासगावच्या द्राक्षबागेची औषधं असतात. पोती, डबे. त्याचा संबंध?

विट्याची_गलाई

पूर्ण संबंध. द्राक्षावरच्या भुरी रोगासाठी जी गंधकाची पावडर मारता, 80 टक्केवाली, ती तिथंच असणार. पोत्याचं तोंड कितीही आवळा, भुकटी उडते आणि पत्र्याच्या ट्रंकेच्या फटीतून आत जाते. पावसाळ्यातला दमटपणा मिळाला की काम झालं. चांदीच्या घरात गंधक ठेवायचं नाही, गलाईवाल्याचं पोरसुद्धा सांगेल. आमच्या विटा, खानापूर, आटपाडीकडची माणसं देशभर सोनं-चांदी गाळत हिंडतात, त्यांच्या पेटीत गंधक कधी दिसणार नाही.

पोती आज शेडात हलवा. चांदी पुन्हा त्याच ट्रंकेत ठेवायची असेल तर ट्रंक आधी आतून ओल्या फडक्याने दोनदा पुसा, उन्हात दोन दिवस उघडी ठेवा.

वर्तमानपत्र नको. लोकर, फेल्ट, रेशीम नको, त्यातही गंधक असतो. धुतलेल्या मलमलीत गुंडाळा. खळ असलेलं कोरं कापड नको, आधी धुवा. मग प्रत्येक भांडं वेगळ्या झिपच्या पिशवीत, हवा दाबून काढून. सोबत सिलिका जेलच्या पुड्या टाका, पण पुडी चांदीला टेकू देऊ नका. भांडं पूर्ण कोरडं झाल्याशिवाय पिशवी बंद करायची नाही. धुतल्यावर निदान एक रात्र पंख्याखाली राहू द्या, तांब्या पालथा घालून.

वापरातली भांडी काळी पडत नाहीत एवढी, हे बघितलंच असेल. रोज धुतली-पुसली जातात, थर जमायला वेळच मिळत नाही. तेव्हा दोन वाट्या नैवेद्याला काढून ठेवा की. फक्त अंडं, कांदा-लसूण आणि लोणचं त्यात वाढू नका, वाढलंच तर लगेच विसळा.

ट्रंकेत जुने कलदार रुपये सापडले तर मात्र टबात घालू नका. 1940 च्या आधीच्या रुपयात 91.67 टक्के चांदी, वजन 11.66 ग्रॅम. त्याचा काळेपणाच नाणी घेणाऱ्याला हवा असतो, घासलेलं नाणं तो फक्त चांदीच्या भावाने घेतो.

कृष्णाकाठ_सांगली

करंड्याचा कापूस पिवळाधमक निघाला. हळदच होती. निरांजनांवरचं तूप खरवडून निघालं, खाली खरंच निळसर काळं होतं, एका फेरीत गेलं. पोती शेडात गेली.

एकच राहिलं. फुलपात्राभोवती बारीक काळी रेघ आहे, गोल, पूर्ण फेर. टबातून तीनदा काढलं, पेस्ट लावली, फिकट झाली पण आहेच.

सराफकट्टा_निवृत्त

रबरबँड. रबर पक्कं करायला गंधक घालतात, आणि ते सात-आठ वर्षं एकाच जागी दाबून बसलं. तिथे थर इतका खोल खाल्लेला असतो की काळं गेल्यावरही रेघेची खाच राहते. नखाने जाणवेल. आणखी दोन फेऱ्या द्या, काळेपणा जाईल. खाच राहील. पिशव्या बांधायला सुती दोरा घ्या.